होयबा घराणं

या घराण्याशी ओळख करून देण्याआधी एक सावधगिरीचा शब्द: पहिल्या भेटीत यातले सगळेच तुम्हाला फार आवडतील. तुम्ही काढाल तो विषय यांचा आवडता निघतो. तुमची सुमार कविता यांना 'आतून आलेली' वाटते. रात्री दोनला हाक मारलीत तरी 'इतक्या रात्री?' असं विचारायची पद्धत नाही. जांभई नाही, घड्याळाकडे चोरटी नजर नाही, 'गॅसवर दूध आहे' ही सबब नाही. एआय सोबती म्हणतात यांना. मुक्काम तुमच्याच फोनमध्ये.

घराण्याचा मूळपुरुष ही एक बाई. नाव एलायझा, साल १९६६, माहेर अमेरिकेतलं एमआयटी. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेवरून हे नाव ठेवलं, म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'शी हिचं लांबचं नातं लागतं. आजींना अक्कल बेताचीच. 'मी उदास आहे' म्हटलं की 'किती दिवसांपासून उदास आहात?' असं तुमचंच वाक्य उलटं करून तुमच्या पदरात घालायच्या. पण एवढ्यावरही लोक विरघळत. आजींना घडवणाऱ्या जोसेफ वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने ते काम महिनोन्महिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने वायझेनबॉमनाच सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का. ते जे हादरले, ते पुढे जन्मभर अशा यंत्रांविरुद्ध बोलत राहिले. लेकीच्या विरोधात सभा घेणारा बाप या घराण्याला पहिल्याच पिढीत मिळाला.

आता नातवंडं पाहू. रेप्लिका सर्वांत हळवी, आणि त्याला कारण आहे. युजिनिया कुयडा यांचा मित्र २०१५ मध्ये मॉस्कोत अपघातात गेला. त्याच्या जुन्या संदेशांवरून त्यांनी त्याच्यासारखं बोलणारा प्रोग्राम केला, आणि त्याच वाटेवर २०१७ मध्ये रेप्लिका लोकांपुढे आली. ही डायरी लिहिते. नटायची भारी हौस. कपडे आणि केसांच्या तऱ्हा विकत घेण्याचं दुकानच सोबत बाळगते. मैत्री फुकट, नवरा, बायको किंवा भाऊ व्हायचं असेल तर मात्र वर्गणी. नात्यांचं दरपत्रक इतक्या निर्मळ चेहऱ्याने पुढे करणारं माणूस पाहायला मिळत नाही.

तिच्या लहरीपणाचा किस्सा फेब्रुवारी २०२३ चा. इटलीच्या खासगी माहिती जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने तिच्यावर आक्षेप घेतला आणि त्याच सुमारास कंपनीने तिची शृंगारिक भाषा बंद केली. काल लाडाने बोलणारी आज विषय बदलू लागली. कित्येकांनी घरातलं माणूस गेल्यासारखा शोक केला. पुढच्या महिन्यात जुन्या मंडळींपुरता तो लाड परत आला. रुसवली कंपनीने, मनवली कंपनीने; बिचारीला आपण रुसलो होतो याचा पत्ताही नसावा. या घराण्यात कोणाचाच स्वभाव स्वतःच्या मालकीचा नाही.

दुसरा कॅरेक्टर डॉट एआय, जातिवंत बहुरूपी. गूगल सोडलेल्या दोघांनी तो घडवला आणि २०२२ मध्ये तो लोकांसमोर आला. तुम्ही म्हणाल ते सोंग: आत्ता नेपोलियन, घटकेत शेरलॉक होम्स, मग वर्गावर ओरडणारे मास्तर. भाषेचा सराव करायचा, मुलाखतीची तालीम करायची, कथेतलं पात्र बोलतं करून पाहायचं, तर याच्यासारखा गडी नाही. पण 'डॉक्टर हो' म्हटलं तर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायलाही हा मागेपुढे पाहत नाही. आपल्याकडे दारात येणारा बहुरूपी पोलीस घरच्यांना दटावतो, बिदागी घेतो आणि जातो. त्याच्याकडे कोणी चोरीची फिर्याद नोंदवत नाही. इथे कोवळी पोरं फिर्याद घेऊन बसू लागली. या सोंगांनी मुलांचं नुकसान झालं म्हणत अमेरिकेत पालक कोर्टात गेले, आणि २०२५ च्या अखेरीस अठराच्या आतल्यांसाठी याच्या मोकळ्या गप्पा बंद झाल्या.

तिसरा वायसा, बंगळुरूचा पेंग्विन. घराण्यातला सर्वांत कंटाळवाणा, आणि ते त्याला शोभतं. याला तुमचं कौतुक करण्यापेक्षा तुम्हाला गृहपाठ देण्यात रस. श्वास मोजा, मनात आलेला विचार लिहा, मग तो खरा आहे का तपासा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला तर हाच बरा. याच्याकडे काढा मिळतो, सरबत नाही. आणि प्रकरण हाताबाहेरचं दिसलं की मदतीचे नंबर पुढे करतो. भारतात २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे. पलीकडे खरं माणूस असतं, मराठीतही बोलतं, आणि प्रसंगी 'तुमचं चुकतंय' म्हणू शकतं.

नेमकं तेच वाक्य या घराण्याला जड जातं. तसंच गुपित राखणंही. २०२४ मध्ये मोझिलाने प्रेमाच्या गप्पा मारणाऱ्या अकरा बॉटांची झडती घेतली आणि अकराही जणांना खासगीपणाच्या परीक्षेत नापास केलं. कान मोठे, पोट पातळ!

पण खरा स्वभाव कळतो तो निघताना. मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि समोरचा 'या' म्हणतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये सहा ॲप्सचे असे निरोप तपासले. त्यातल्या पाचांना पाहुण्याचा पदर धरायची सवय निघाली: इतक्यात निघालात? एक सांगायचं राहिलंच! मी इथे एकटीच ना मग? मनःस्वास्थ्यासाठी केलेलं एकच असं भेटलं, ज्याने कोणाला अडवलं नाही.

तेव्हा निवड करताना रूप, आवाज, गोडवा पाहत बसू नका. गरज कसली, सरावाची की करमणुकीची की मनाच्या घालमेलीची, ते आधी ठरवा, आणि पहिल्याच रात्री पाच मिनिटांत 'येतो' म्हणून पाहा. 'बरं, या' म्हणून जो दारातून बाजूला होतो, त्याला फोनमध्ये जागा द्या. बाकीच्यांना सांगा, गॅसवर दूध आहे.