इकोचं इंजिन आणि अण्णांची फियाट

देवळालीहून दिल्लीला पोस्टिंग आली ती जून २०२१ मध्ये. सामानाच्या ट्रकात नेहमीच्या काळ्या ट्रंका, फ्रिज, मुलीची सायकल आणि सगळ्यात मागे दोरखंडांनी जखडलेली अण्णांची फियाट. ज्यांनी फौजेत घर हलवलंय त्यांना माहीत आहे, ट्रकात जागा उरली की माणूस शहाणपण विसरतो. दिल्ली-एनसीआरमध्ये तेव्हा पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती, हे मला ठाऊक होतं. हरित लवादाचा आदेश २०१४ चा, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला होता. सार्वजनिक जागेत नुसती उभी दिसली तरी गाडी जाऊ शकत होती. तरी मी आणली. हिशेब असा, की या टेन्युअरमध्ये क्वार्टरच्या गॅरेजात तिचं काम करून घ्यायचं आणि तयार गाडी पुण्याला अण्णांच्या दारात उभी करायची.

गाडी १९७३ ची. तेव्हा प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' या नावाने निघायची, 'पद्मिनी' हे बारसं त्यानंतरचं. आमच्या घरी तिला फियाटच म्हणतात. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. १९८९ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली, म्हणजे सेकंड कसली, आधी चार हात तरी फिरली असेल. १९९८ मध्ये मी एनडीएत दाखल झालो तेव्हा कॅरिअरवर ट्रंक बांधून याच गाडीतून त्यांनी मला खडकवासल्याला सोडलं. वाटेत गाडी कुठे बंद पडली नाही म्हणून आई देवाचे आभार मानत होती आणि अण्णा चिडले होते, कारण गाडी त्यांनी ठेवली होती, देवाने नाही.

आता मात्र इंजिन थकलं होतं. १०८९ सीसी, नवेपणी जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरचं. कॉम्प्रेशन गेलेलं, मागे निळा धूर, आणि पेट्रोल भरताना ऑइलचा डबाही सोबत ठेवावा लागायचा. देवळालीत रविवारी भगूरपर्यंत चक्कर मारली तरी परत येताना मी चढ बघून श्वास रोखायचो.

मी तोफखान्याचा माणूस, इंजिनातलं मला बेताचंच कळतं. पण आमच्या ब्रँचमध्ये ईएमईचा एक मित्र होता, त्याने डोक्यात किडा सोडला. मारुती इकोचं इंजिन टाक म्हणाला. फियाटमध्ये इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसतं आणि चालतात मागची चाकं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं आणि चालतात पुढची चाकं, म्हणून स्विफ्ट-आय१०चं इंजिन इथे कामाचं नाही. तेव्हाच्या इकोचं मात्र उभ्या मांडणीचं, मागची चाकं फिरवणारं, ११९६ सीसी, फ्युएल इंजेक्शन, सत्तरच्या वर हॉर्सपॉवर, पाच गिअर. अपघातात गेलेल्या इको व्हॅन मायापुरीत ढिगाने येतात. "चाळीस-पन्नास हजारांत इंजिन-गिअरबॉक्स मिळेल. दीड लाखात नवी गाडी चालवशील जुन्या अंगात," असं त्याचं म्हणणं.

ही कल्पना अगदी वेडगळ नव्हती. आपल्याकडे कंपन्यांनीही हेच केलं. अ‍ॅम्बेसेडरचं अंग मॉरिसचं राहिलं आणि आत इसुझूचं इंजिन आलं. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली, तिचं अंग जुन्या फियाटचं आणि इंजिन निस्सानचं. आपल्या जोंगाचं तर काय सांगावं! जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली ती सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरची पेट्रोल गाडी. लिलावात सिव्हिलमध्ये गेली की नवा मालक आधी ते पेट्रोलपिऊ इंजिन काढून डिझेल बसवायचा. मूळ इंजिनची जोंगा आज दिसली तर थांबून बघावी लागते.

मला भीती अण्णांची होती. फोनवर घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "मग टाक की. इंजिन म्हणजे काय देव आहे? आमच्याकडे बस आली, इंजिन उतरवलं, तयार असलेलं दुसरं चढवलं, बस गेली लाइनवर. कुठलं इंजिन कुठल्या बसचं होतं, कोण विचारतो? गाडी चालली पाहिजे."

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला गाडी चालवायची होती, बस्स.

मायापुरी कँटोन्मेंटहून फार लांब नाही. रिंग रोडवरून आत वळलं की गल्ल्यागल्ल्यांतून नुसती कापलेली गाडी: इथे दरवाजे, पलीकडे स्टिअरिंग, पुढे फक्त गिअरबॉक्स. हातगाडीवर इंजिनं अशी चाललेली असतात जशी आपल्याकडे बर्फाच्या लाद्या. तिथे मला एक उस्ताद भेटले, साठीचे, जुन्या फियाटवरच आयुष्य गेलेले. त्यांनी पहिला धडा दिला: इंजिन एकटं घ्यायचं नाही. त्याच गाडीचा ईसीयू, पूर्ण वायरिंग आणि तीच चावी घ्यायची, नाहीतर इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देणार नाही. चावीसकट सगळं पंचेचाळीस हजारांना मिळालं. पावती, इंजिन नंबर, तुटलेल्या गाडीचे कागद असं सगळं मी मागून घेतलं. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता जसा ऑडिटवाल्याकडे क्वार्टरमास्टर बघतो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी गॅरेजच्या तुळईला चेन-पुली टांगून उस्तादांनी अण्णांचं इंजिन उतरवलं. इकोचं आत टांगून बघितलं आणि मग बजेटचा खरा चेहरा दिसला. इंजिनाची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माउंटिंग नवीन बनवायची. संप पुढच्या क्रॉस-मेंबरला लागत होता, म्हणजे तो कापून बदलायचा. प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा. जुन्या टाकीतून साध्या मेकॅनिकल पंपाने पेट्रोल यायचं, इंजेक्शनला टाकीतच जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लागतो. रेडिएटर, पंखा, सायलेन्सर, स्पीडोमीटर, सगळंच वेगळं. आणि ब्रेक! फियाटला चारही चाकांना ड्रम. चाळीसच्या जागी सत्तर हॉर्सपॉवर टाकून तेच ब्रेक ठेवणं म्हणजे तोफ वाढवून ट्रेल तीच ठेवण्यासारखं. मागच्या पाकिटावर बेरीज केली ती दोन लाख दहा हजार.

पैशांचं जमवता आलं असतं. अडलं वेगळ्याच ठिकाणी. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. इकोच्या गिअरसाठी मधला फ्लोअर कापावा लागणार होता. उस्तादांनी खडूने रेघ मारली, ग्राइंडर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. म्हणाले, "साहब, नट-बोल्ट वापस खुल जाता है. कटा हुआ लोहा वापस नहीं आता. एक हफ़्ता सोच लो."

त्या आठवड्यात मी फौजी सवयीप्रमाणे कागद वाचायला बसलो, जे खरं तर इंजिन घेण्याआधी करायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. हे अपेक्षित होतं. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली, त्यामुळे अर्ज, तपासणी, सगळं तिथे. अपेक्षित नव्हता तो जुलै २०२१ चा केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा नियम, मी दिल्लीत सामान उघडत होतो तेव्हाच निघालेला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आमची गाडी २०२३ मध्ये पन्नास पूर्ण करणार होती. दोन वर्षं थांबलो तर व्हिंटेज, रविवारी ग्राइंडर चालवला तर भंगाराच्या वाटेवरची एक जुनी गाडी.

अण्णांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग चालवता येईल ना रोज?"

नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही.

"मग मी काय प्रदर्शनात बसून राहू?"

शेवटी मधला मार्ग निघाला, निदान मी तसं म्हणवून घेतलं. जुनंच इंजिन नवं करायचं आणि गाडी पुण्याला धाडायची. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आमचं तोवर होतच आलं होतं. व्हिंटेजचं पुढचं पुढे बघू. इकोचं इंजिन परत विकलं, नऊ हजारांचा फटका बसला. उस्ताद खूश झाले. मीही. अण्णा "तुझी मर्जी" म्हणाले. आमच्या घरात या शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

खर्च कमी झाला, एक लाखाच्या आत बसलं. वेळ मात्र गेला. ब्लॉक बोअरिंगला दिला ते वर्कशॉप दोन महिने आज-उद्या करत राहिलं. ओव्हरसाइज पिस्टन कश्मीरी गेटला तीन मिळाले, चौथा नाही. सेट शेवटी दुसरीकडून आला. हेड सपाट करणं, व्हॉल्व्ह, बेअरिंग, वॉटर पंप. मध्येच मला सहा आठवड्यांच्या टेम्पररी ड्यूटीवर जावं लागलं. इकोचं इंजिन नाताळपर्यंत बसलं असतं, असं उस्ताद एकदा चहा पिताना बोलून गेले. आम्ही जुनं इंजिन सुरू केलं तेव्हा जून २०२२ उजाडला होता.

एप्रिलमध्ये अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चालतात बरे, पण क्लच दाबायला तो पाय पुरत नाही.

हे लिहायचं नव्हतं, पण बाकी सगळं लिहून हे गाळणं बरं नाही. फ्लोअर कापायचा नाही हा निर्णय मी अण्णांसाठी घेतला असं सगळ्यांना सांगत होतो, बायकोलासुद्धा. खरं तर मला ती खडकवासल्याच्या रस्त्यावरची गाडी जशीच्या तशी हवी होती, तोच स्टिअरिंगवरचा गिअर, तोच आवाज. ज्यांनी ती गाडी ठेवली त्यांना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना ती चालवायची होती आणि तेवढे आठ महिने मी त्यांच्याकडून घेतले.

ऑगस्टमध्ये रजा टाकली, गाडी ट्रकने पुण्याला पाठवली आणि मागोमाग मीही गेलो. अण्णा डावीकडच्या सीटवर बसले, आई मागे. सिंहगड रोडने खडकवासल्याच्या धरणापर्यंत गेलो. धूर नाही, तापमानाचा काटा मधोमध. मी चोरून त्यांच्याकडे बघत होतो. ते खिडकीबाहेर बघत नव्हते, मान तिरकी करून ऐकत होते.

धरणाजवळ कणीस खायला थांबलो. त्यांनी काठी टेकत बॉनेट उघडायला लावलं. "तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे. फीलर गेज आणलंय का?" आणलं नव्हतं. "दिल्लीवाल्याने काम बरं केलंय पण," म्हणाले, आणि कणसाला मीठ लावत राहिले.

परतताना एका चढावर समोर ट्रक आला, मला दुसऱ्या गिअरवर यावं लागलं आणि मागे हॉर्नची रांग लागली. अण्णांनी पुढे बघतच म्हटलं, "ते मारुतीचं टाकलं असतंस तर हा चढ तिसऱ्यात निघाला असता."