गुडघ्याला बाशिंग

डोंबिवली पूर्व,
२३ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

निवडणुकीचं साग्रसंगीत लिही म्हणालास, तर घे. महापालिकेला मतदान १५ तारखेला झालं, तेही तब्बल दहा वर्षांनी. एका प्रभागात चार जागा, म्हणून चार बटणं दाबायची. बोटाला शाईऐवजी मार्कर पेन. तो पुसला जातो म्हणून दिवसभर बोंब चालली होती. माझा दुपारच्या भांड्यांत निम्मा गेला, पण दुसऱ्यांदा मत द्यायचा उत्साह कुणाला?

ह्या निवडणुका म्हणायला गटारं आणि पाण्याच्या, पण खरं म्हणजे ही मोठ्या नेत्यांची सहामाही परीक्षा. विधानसभेला सव्वा वर्ष होतंय, पुढची २०२९ला. मधल्या काळात कोणाचं वजन किती, ते इथे कळतं. त्यात आमच्याकडचे दोघे दिग्गज. ठाण्याचे एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री. आणि आमच्या डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण, चार वेळा आमदार आणि आता भाजपचे प्रदेशाध्यक्ष.

तर चव्हाणसाहेब लातूरला प्रचाराला गेले आणि बोलण्याच्या भरात म्हणाले की, इथून विलासरावांच्या आठवणी पुसल्या जातील. लातूरमध्ये! विलासरावांना जाऊन तेरा वर्षं झाली तरी तिथल्या माणसापाशी त्यांचं नाव जपूनच घ्यावं लागतं. रितेश देशमुखने व्हिडिओ काढून सभ्य शब्दांत उत्तर दिलं, मग दिलगिरी, सारवासारव, सगळं यथासांग पार पडलं. निकाल लागला तेव्हा लातूरच्या ७० जागांपैकी काँग्रेसला ४३, भाजपला २२. २०१७ला तिथे भाजपच्या ३६ होत्या. सगळं त्या एका वाक्याने झालं असं मी म्हणणार नाही, पण भाजपच्या उमेदवारांनी ते भाषण ऐकताना कपाळाला हात लावला असणार. गंमत म्हणजे चव्हाणांच्या घरच्या मैदानात भाजपने १२२ पैकी ५० जागा घेतल्या. जीभ डोंबिवलीची, बिल लातूरकरांच्या नावावर.

तुझ्या व्हर्जिनियात असं होत नाही. २००६ला तुमचे सिनेटर जॉर्ज ॲलन भर सभेत आपल्या सिद्धार्थला ‘मकाका’, म्हणजे चक्क माकड, म्हणाले. तो व्हर्जिनियातच जन्मलेला पोरगा, विरोधी उमेदवाराच्या वतीने कॅमेरा घेऊन उभा होता, आणि त्याला वर ‘अमेरिकेत स्वागत’! ॲलन तेव्हा २००८च्या अध्यक्षपदाचे इच्छुक म्हणून गणले जायचे. नऊ-साडेनऊ हजार मतांनी सिनेटची जागाच गेली, मग कुठलं अध्यक्षपद? इकडे जीभ घसरल्याने खुर्ची गेल्याचं फार ऐकलं नाही. इकडे खुर्ची आकड्यांवर जाते.

शिंद्यांचंच बघ. २०२४ला मुख्यमंत्री म्हणून निवडणूक लढले, पण भाजपच्या १३२ आणि ह्यांच्या ५७. झालं, फडणवीस वर, हे खाली. ‘सीएम म्हणजे कॉमन मॅन’ म्हणायचे, ते आता ‘डीसीएम म्हणजे डेडिकेटेड टू कॉमन मॅन’ म्हणतात. राग कितीही असो, शब्दाने दाखवत नाहीत. फार तर गेल्या नोव्हेंबरात भाजप आपली माणसं फोडतोय म्हणून त्यांच्या मंत्र्यांनी मंत्रिमंडळ बैठकीला दांडी मारली, आणि साहेब एकटेच जाऊन बसले.

पण तुला २०१५ आठवतं का? कल्याण-डोंबिवलीचीच निवडणूक, राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार, आणि इथे दोघे एकमेकांच्या नरडीला. फडणवीसांनी साडेसहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते कुठे गेलं म्हणून आजही रिक्षावाले विचारतात. शिंदे तेव्हा मंत्री. त्यांनी भर प्रचारसभेत, भाजपच्या दडपशाहीला कंटाळलो म्हणत, उद्धव ठाकऱ्यांच्या हाती राजीनामा ठेवला. टाळ्या अशा पडल्या म्हणतोस! शिवसेना ५२, भाजप ४२. पुढे महापालिकेत दोघे गळ्यात गळे घालून बसले, आणि राजीनाम्याचं नाव कुणी काढलं नाही. मला विचारशील तर शिंद्यांचं राजकारण त्या एका संध्याकाळी सगळं दिसलं होतं. बोलायचं कमी, आणि बोललंच तर ते स्टेजवर, योग्य वेळी.

ह्या खेपेलाही शेवटी युती झालीच. शिंदेसेना ५३, म्हणजे भाजपपेक्षा तीनच जास्त. मग मनसेच्या पाच जणांनी एकदम शिंद्यांना पाठिंबा दिला, आणि मुंबईत ठाकरे बंधूंचं गूळपीठ जमलेलं असताना उद्धवरावांच्या लोकांचा संताप झाला. महापौर अजून ठरायचाय. त्यात आज बाळासाहेबांची जन्मशताब्दी, त्यामुळे दोन्ही सेनांचे फलक लावायला खांब पुरेनात.

आणि मला मुख्यमंत्री व्हायचंय, असं इथे कोणी स्वतः म्हणत नाही बरं का. तुमच्याकडे माणूस उभा राहून उमेदवारी जाहीर करतो. इथे ‘ती कार्यकर्त्यांची भावना आहे’, आणि भावना फ्लेक्सवर उमटते. निकालाला आठवडा झाला तोच आमच्या चौकात एका नव्या नगरसेवकाचा ‘भावी आमदार’ म्हणून फलक लागलाय. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यातला गॉगलवाला डिसेंबरपर्यंत समोरच्या पक्षाच्या फलकावर होता, फोटोही तोच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश