अस्वलाचे ताट, लांडग्याचे ताट

काशीला गेलेली मराठी मंडळी विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान आणि सारनाथ आटोपले की परतीच्या गाडीत बसतात. हाताशी एक दिवस अधिक असेल, तर गंगेपलीकडे चकियाच्या वाटेने सुमारे ७० किलोमीटरवरचे चंद्रप्रभा अभयारण्य जरूर पाहावे. राजदरी आणि देवदरी हे तिथले धबधबे पावसाळ्यात भरभरून वाहतात. विंध्याच्या या रानात अस्वलांची वस्ती आहे. लांडगा मात्र मोकळ्या माळाचा आणि शेताकडेच्या झुडपांचा रहिवासी.

अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये लांडग्यांच्या कळपाने शिकार केली की अस्वल येऊन त्यांच्या तोंडचा घास हिसकावते. आपल्याकडे असे भांडण सहसा होत नाही, कारण दोघांची ताटेच वेगळी! आपले अस्वल वाळवी, मध, जांभळे, बोरे यांवर जगते. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते. लांडग्याला मात्र काळवीट, ससा, नाहीतर शेळी-मेंढी लागते.

या दोघांच्या ताटात वाटेकरी झाला तो माणूस. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटेच टोपल्या घेऊन बायाबापड्या झाडाखाली जातात. वाळवून विकलेल्या या फुलांवर गरिबाच्या घरात चार पैसे येतात. पण तीच फुले खायला अस्वलही त्याच वेळी येते. अंधारात अचानक गाठ पडली, तर बिथरलेले अस्वल थेट अंगावर धावून जाते.

लांडग्याची कथा याहून करुण आहे. १९९६ मध्ये काशीच्या शेजारचा जौनपूर, तसेच प्रतापगड आणि सुलतानपूर या जिल्ह्यांत लांडग्याने लहान मुले उचलून नेली. घरोघरी रात्री जागून निघाल्या. तपासाअंती भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कारण सांगितले ते असे: रानात भक्ष्य फारसे उरले नव्हते, शेळ्या-मेंढ्यांवर कडक राखण होती आणि गरिबांच्या मुलांकडे लक्ष द्यायला मात्र कुणी नव्हते.

चंद्रप्रभेला गेलात तर दिवेलागणीपूर्वी परता, आणि उरलेले अन्न तिथे टाकू नका. काशी ही अन्नपूर्णेची नगरी. रानाचे ताट रानालाच राहू दिले, तर गावातली लेकरेही अंगणात निर्धास्त झोपतील.