कार्टूससाहेबांची लेखणी

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यात जागोजागी सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं आडवी पाडलेली. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. मांडीला जखम झाली तरी ते मागे फिरले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्या वेगाने सरपटत पुढे निघाले आणि दोरी ओढून चालकाला खुणा करत राहिले. डोक्यावर टनावारी लोखंड आणि पुढच्या हातभर जमिनीचा भरवसा नाही!

राणे यांना परमवीर चक्र मिळालं. त्यांची आणि इतर परमवीरांची गाथा ‘परम वीर’ या इंग्रजी पुस्तकात सांगितली मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी. सुरुंग म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं.

कार्डोझो मूळचे मुंबईचे. १९७१ मध्ये ते पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या पलटणीबरोबर सिल्हेटच्या आघाडीवर होते. त्यांचं आडनाव गोरख्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते झाले कार्टूससाहेब. ढाका पडल्यानंतर त्यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हतं. लोंबणारा पाय काप, असं त्यांनी गोरख्याला सांगितलं; त्याचा हात धजेना. मग त्यांनी स्वतःच खुकरी चालवली. पुढची शस्त्रक्रिया केली युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने. कृत्रिम पायावर त्यांनी आधी पलटण आणि मग ब्रिगेड सांभाळली. अपंगत्व आल्यावर असं करणारे ते भारतीय सेनेतले पहिलेच अधिकारी.

एवढं भोगलेला माणूस आयुष्यभर स्वतःचीच कथा सांगत राहिला असता, तरी लोकांनी मन लावून ऐकली असती. कार्डोझोंनी दुसऱ्यांची लिहायला घेतली. निवृत्तीनंतर अपंगांच्या पुनर्वसनाचं काम चालूच होतं. लिहिण्याचा नाद त्याच्या जोडीने वाढला.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. पायदळातल्या या माणसाने त्या बुडीतून वाचलेल्यांना बोलतं केलं आणि २००६ मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक केलं. त्या रात्रीचं सारं त्यांच्याच तोंडून यावं, ही निवड मोठ्या मनाची आहे.

मग त्यांची लेखणी आणखी मागे गेली, थेट पहिल्या महायुद्धापर्यंत. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक तेव्हा समुद्रापार गेले होते. त्यांतले खुदादाद खान बेल्जियममधल्या होलेबेकला साथीदार पडल्यावरही जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिले. शत्रूने मेला समजून सोडून दिलं; ते सरपटत आपल्या पलटणीत परतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक.

कार्डोझोंचं आत्मकथन, ‘कार्टूस साब’, आलं ते २०२२ मध्ये. तेव्हा ते पंचाऐंशीच्या घरात होते आणि या साऱ्यांबद्दल लिहून झालं होतं.