मूठ वळली पाहिजे

ख्रिस्तजयंती पंधरा दिवसांवर आली की आमच्या वसईच्या घरात मैद्याचा डबा खाली उतरविला जाई आणि स्वयंपाकघराची सत्ता मोठ्या आईच्या हाती जाई. ती आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. पण घरातील लहानथोर सारेच तिला मोठी आई म्हणत. करंजीसाठी परातीत रवा-मैदा घेऊन ती त्यावर कडकडीत तापविलेले मोहन ओती, चिमूटभर मीठ टाकी आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पीठ चोळीत राही. मग थोडे पीठ मुठीत घेऊन दाबी. मूठ उघडल्यावर मुटका तसाच राहिला आणि बोटाने हलकेच टोकल्याबरोबर मोडला, तर मोहन बरोबर. “मूठ वळली पाहिजे,” एवढाच तिचा पाकशास्त्राचा ग्रंथ. शेजारी पाटावर बसून आमचा मुलगाही आपल्या इवल्या मुठीत पीठ दाबून पाही आणि तिच्यासारखीच गंभीरपणे मान हलवी.

ती मूठ आम्हांला पुन्हा दिसली ती वसईपासून हजारो मैलांवर, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, मुलाच्या भाड्याच्या घरात. तेथे करंज्या होत नव्हत्या. सणाच्या जेवणानंतरच्या गोडासाठी सफरचंदाचे ‘क्रिस्प’ होत होते. त्या साध्या पदार्थाने आमच्या घरात जे घडविले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मोठी आई २०१९ च्या पावसाळ्यात देवाघरी गेली. मुलाला कॅनडात जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तो अंत्यविधीला आला नाही. “कामावरून रजा मिळत नाही,” एवढेच फोनवर म्हणाला. ज्या नातवाला तिने मांडीवर वाढविले, तो तिला मूठभर माती द्यायला नव्हता. आम्ही त्याला रागे भरलो नाही. रागावलो असतो तर कदाचित बरे झाले असते. दर रविवारी मिस्सेनंतर त्याचा फोन येई. आम्ही तेथील थंडीची चौकशी करीत असू, तो येथील पावसाची. मोठ्या आईच्या स्मरणार्थ होणाऱ्या मिस्सेची तारीख त्याला कळविणे मात्र आम्ही सोडून दिले. पुढे कोरोनाची साथ आली, जाणे-येणे थांबले आणि न बोललेले तसेच गोठून राहिले.

२०२३ साली त्याने आम्हां उभयतांची तिकिटे काढली. मिसिसागा येथे आम्ही पोहोचलो तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. रस्त्याकडेची मेपलची झाडे शेंदरी झाली होती. त्या देशात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे कृतज्ञतेचा सण पाळतात. शेजारच्या अमेरिकेत हाच सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. कॅनडात सुगी लवकर आटोपते, म्हणून सणही अगोदर. पीकपाण्याबद्दल परमेश्वराचे आभार मानण्यासाठी हा दिवस १९५७ साली कायम करण्यात आला. आम्हांला तो परका वाटला नाही. मुंबई-साष्टीच्या गावांतून आपले ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात आणि नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वादित करून घेतात. एका आठवड्याच्या अंतराने तेथे भात आणि येथे सफरचंद. ‘युखारिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आभार मानणे असाच आहे. आमच्या मनात मात्र त्या दिवसांत आभारापेक्षा गाऱ्हाणेच अधिक होते, हे प्रांजळपणे कबूल करावयास हवे.

सणाच्या आदल्या शनिवारी मुलाने आम्हांला मिल्टनकडील एका फळबागेत नेले. तेथे पिशवी घेऊन आपणच फळे तोडावयाची आणि निघताना पैसे भरावयाचे. वाडीत वाढलेल्या आम्हांला झाडाखाली उभे राहताच हुरूप आला. मॅकिन्टॉश नावाचे तांबडे-हिरवे सफरचंद तेथे मुबलक. १८११ साली याच प्रांतात जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्याला रान साफ करताना त्याची रोपे सापडली, म्हणून हे नाव. चवीला ते आंबटगोड, पण आचेवर धीर धरीत नाही. शिजताच विरघळून त्याचा लगदा होतो. त्याच्याच वंशातील कॉर्टलँड जातीची फोड मात्र भाजल्यावरही फोडच राहते आणि कापल्यावर लवकर काळी पडत नाही. मुलगा म्हणाला, “दोन्ही घेऊ. एक रसासाठी, एक दातासाठी.” हे बोलणे तर थेट वाडीतल्या माणसाचे. हा मुलगा कोठे आणि केव्हा शिकला, असा प्रश्न आम्हांला पडला.

सोमवारी सकाळी तो ओट्याशी उभा राहिला. आम्हांला त्याने टेबलाशी बसविले आणि सुऱ्या हाती दिल्या. किलोभर सफरचंदे सोलून आम्ही बोटाच्या जाडीच्या फोडी केल्या. त्याहून पातळ केल्या तर भाजून चिखल होतो, असे त्याने बजावले. फोडींवर लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि चमचाभर दालचिनीची पूड टाकून त्या त्याने चौकोनी काचेच्या भांड्यात पसरल्या. मग एका वाडग्यात शंभर ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम ओट्स, एकशेवीस ग्रॅम तपकिरी साखर आणि चिमूटभर मीठ घेऊन फ्रीजमधून लोण्याची थंडगार वडी काढली. त्यातील सुमारे एकशेपंधरा ग्रॅम लोणी तुकडे करून त्याने पिठात टाकले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी चोळावयास घेतले.

आम्ही दोघेही सुऱ्या खाली ठेवून पाहत राहिलो. तीच खाली झुकलेली मान, अंगठा बोटांवरून सरकविण्याची तीच लकब. त्याने थोडे पीठ मुठीत दाबले, मूठ उघडली, मुटक्याला बोटाने टोकले. मुटका मोडला. त्याने मान हलविली.

“मोठ्या आईचं मोहन गरम असायचं,” तो आमच्याकडे न पाहता म्हणाला. “इथं लोणी थंड लागतं. आधीच वितळलं तर पिठाचा गोळा होतो. थंड राहिलं तर ते भट्टीत वितळतं आणि चुरा सुटा, खुसखुशीत राहतो. पण मूठ तीच.”

मग हात पिठातच ठेवून त्याने सांगितले. मोठी आई गेली त्या महिन्यात त्याला नोकरीच नव्हती. रजा नाही म्हणाला ते खोटे होते. रजा मागावी असा मालकच उरला नव्हता. तिकिटाचे पैसे नव्हते. आमच्याकडे मागितले असते तर आम्ही कर्ज काढून पाठविले असते, हे त्याला ठाऊक होते; म्हणूनच मागितले नाही. तो तेव्हा एका वृद्ध बाईंच्या घराच्या तळघरातील खोलीत भाड्याने राहत असे. त्या वर्षीच्या कृतज्ञतेच्या सणाला खोलीच्या दाराशी फडक्याखाली झाकलेली बशी ठेवलेली त्याला आढळली. त्यात हे क्रिस्प होते. दुसऱ्या दिवशी बशी परत करावयास तो वर गेला तेव्हा बाईंनी चौकशी केली, आणि आजी गेल्याचे त्याने त्या परदेशात प्रथमच कोणाला तरी सांगितले. बाईंनी त्याला सफरचंदे सोलावयास बसविले. पीठ चोळण्याची वेळ आली तेव्हा त्या शिकवू लागण्यापूर्वीच याची मूठ वळली होती.

आमच्यापैकी एकीने उठून त्याचे पिठाने माखलेले हात धरले. दुसऱ्याने काय करावे हे न सुचून उरलेले सफरचंद सोलावयास घेतले. चार वर्षांचे गाऱ्हाणे असे एका सकाळीत संपत नाही. परंतु त्याच्या मौनात अभिमान होता तसा आमच्या मौनातही होता, हे त्या टेबलाशी आम्हांला उमगले. त्याने विचारावयास हवे होते, आणि आम्हीही.

चुरा फोडींवर सैल भुरभुरून भांडे एकशेऐंशी अंश उष्णतेच्या भट्टीत गेले. पाऊण तासाने कडेने रस खदखदू लागला, वरचा थर बदामी झाला आणि दालचिनीच्या वासाने घर भरले. काढल्यावर पंधरा मिनिटे हात लावावयाचा नाही, म्हणजे रस आळतो. जेवणापूर्वीची प्रार्थना मुलाने मराठीत म्हटली आणि शेवटी मोठ्या आईचे नाव घेतले. आमच्यासमोर त्याने तिचे नाव असे प्रथमच घेतले.

क्रिस्पची खुबी अशी की त्यात लाटणे नाही, आकार देणे नाही, लपविण्यासारखे काही नाही. वरचा थर ओबडधोबडच शोभतो. ब्रिटनमध्ये याचेच भावंड असलेले ‘क्रंबल’ टंचाईच्या दिवसांत घरोघर पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात, ८ जानेवारी १९४० पासून, तेथे लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली. पेस्ट्रीची पारी लाटण्याइतके लोणी कोठून आणावे? तेव्हा गृहिणींनी थोड्या चुऱ्यावर भागविले. अभावातही पाहुण्यापुढे काही गोड ठेवता आले पाहिजे, या जिद्दीतून असे पदार्थ टिकतात. आपल्या मोठ्या आयांना हे काही निराळे सांगावयास नको होते. ओव्हन नव्हता तेव्हा पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून त्यांनी नाताळचा केक भाजलाच होता.

त्याच दिवशी दुपारी क्रिस्पची एक बशी फडक्याखाली झाकून आम्ही तिघे त्या बाईंकडे गेलो. त्या आता वृद्धाश्रमात असतात. त्यांची भाषा आम्हांला अर्धीमुर्धीच कळत होती. त्यांनी चमचाभर खाल्ले, मुलाकडे पाहिले आणि वरचा थर या खेपेस जरा जास्त भाजला असल्याचे सुनावले. मग बशी स्वच्छ केली. आभाराचे वाक्य आम्ही वाटेत पाठ करून नेले होते. ते ऐन वेळी आठवले नाही. आमच्यापैकी एकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना कळले असावे.

त्या वर्षीच्या नाताळात वसईला आम्ही क्रिस्प करून पाहिले. पहिला प्रयत्न फसला. चुरा नीट बसावा म्हणून आम्ही तो फोडींवर दाबून बसविला आणि त्याची कौलासारखी कडक लादी झाली. दुसऱ्या खेपेस सैल पसरला तेव्हा साधला. आपल्याकडे येणारी काश्मिरी सफरचंदे गोड, म्हणून साखर निम्मी आणि लिंबू दुप्पट घातले. लोणी बाजारचे खारे, म्हणून मीठ वगळले. करंज्यांच्या ताटाशेजारी ते भांडे मांडले. शेजारपाजारच्या मुलांनी आधी करंज्या उचलल्या, मग भीत भीत चमचा घातला आणि मग भांडे खरवडले.

चोळलेले पीठ परातीत असतानाच त्याचा फोन आला होता. “आई, मूठ वळली का?” त्याने विचारले. आम्ही परात त्याला दाखविली.

तिच्या पेटीवर पडावयाची त्याच्या हातची मूठभर माती राहून गेली ती गेलीच. तिची भरपाई कोणत्याही गोडाने होत नाही. पण तिच्या हाताची वळणे त्याच्या हातात जिवंत आहेत, आणि ती कोणा परक्या माउलीच्या तळघरात जपली गेली, हे आता आम्हांला ठाऊक आहे. मोठ्या आईच्या मिस्सेची तारीख आम्ही त्याला पुन्हा कळवू लागलो आहोत.