तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते

वाचकहो, आपल्या घरात वृद्ध माणूस असेल, तर शीर्षकातील हे वाक्य आपण ऐकलेच असेल. कदाचित आता ते आपल्याच तोंडी येऊ लागले असेल. देगलूरच्या आमच्या घरी वडील गेल्यापासून चार वर्षे आई हेच म्हणत होती. नात्यातले लग्न असो की जवळच्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर, तिचे उत्तर ठरलेले. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे अधू. प्रवासावरचे तिचे मन उडाले, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

गेल्या हिवाळ्यात मात्र मी हट्टाने तिला बीदरला नेले. औरादमार्गे सकाळी निघून सायंकाळी परतता येते. शिवाय बीदरशी तिचे जुने नाते होते, ते कीर्तनातले. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे उपाशी रयतेला लुटवली आणि त्यांच्यावरील संकट टाळण्यासाठी विठोबा विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारात धान्याचे मोल भरून आला, ही महिपतींच्या ‘भक्तविजया’तील कथा तिने लहानपणापासून ऐकलेली.

जुन्या शहराच्या गल्ल्या अरुंद, म्हणून मोटार एका ठिकाणी उभी केली आणि अर्ध्या दिवसासाठी एक रिक्षा ठरवली. चालक साठीचा होता. मराठी, दखनी आणि कन्नड यांची मिसळ करून तो शहर समजावून सांगे. आईला चढताना पाहून त्याने आसनाखालून एक लहानसा पाट काढला आणि पायरीसारखा खाली ठेवला. ‘‘अम्मा, आरामात. बीदर कुठं पळून जात नाही,’’ तो म्हणाला.

मी मात्र घाईत होतो. पाहायच्या स्थळांची यादी माझ्या खिशात होती. शहराच्या मध्यभागी उभा असलेला चौबाऱ्याचा गोल टेहळणी बुरूज झाला. मग महमूद गावान यांचा मदरसा. इराणातून आलेल्या या बहमनी वजिराने 1472 साली तो उभारला. त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बीदरमध्ये येऊन गेला आणि त्याने या नगरीचे वर्णन लिहून ठेवले. पुढे 1696 साली दारूगोळ्याच्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग कोसळला. दोनपैकी एकच मिनार उरला. त्यावरच्या रंगीत फरशांचे तुकडे उन्हात अजून चमकतात. आई रिक्षातूनच बराच वेळ पाहत राहिली. ‘‘अर्धं पडलं, पण राहिलंय ते किती देखणं आहे बघ,’’ ती म्हणाली. मी घड्याळ पाहिले आणि चालकाला पुढे निघायला सांगितले.

किल्ल्यापाशी उतरताना ती लडखडली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तिला सावरून बसवले आणि बाटली पुढे केली, तर तिने ओठ मिटून घेतले. चालकाने क्षणभर तिच्याकडे पाहिले, मला काही न विचारता रिक्षा वळवली आणि एका गल्लीतल्या आपल्या बहिणीच्या दारात उभी केली. आतून एक बाई आली आणि आईचा हात धरून तिला घेऊन गेली.

‘‘माझी अम्मीपण असंच करायची,’’ तो हलक्या आवाजात म्हणाला. ‘‘सफर असली की पाणी बंद. पोराला कसं सांगणार?’’

आईने पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. वाटेत लघवीला जावे लागले तर काय, ही एकच भीती. तेव्हा मला त्या चार वर्षांच्या वाक्याचा अर्थ कळला. प्रवास तिला नकोसा नव्हता. लेकापुढे संकोच वाटत होता आणि मी तो कधी विचारलाच नव्हता.

वाचकहो, वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यात मुद्दाम पाणी टाळले, तर उठताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका अधिक. प्रवासाच्या दिवशी पुष्कळजण अशी गोळी परस्पर वगळतात. तसे न करता तिची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. घोट घोट पाणी पीत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. स्वच्छतागृह कोठे आहे, याची चौकशी सांभाळणाऱ्याने आधी करावी आणि ते वृद्धांना आपणहून सांगावे. त्यांना विचारावे लागू नये. बसल्यावर लगेच उभे न राहता थोडे थांबावे. रिक्षाचे हादरे बसतात, म्हणून पाठीशी उशी असावी. हाडे ठिसूळ असतील किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पाणी आणि चहा घेऊन आई बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. मी यादी खिशातच ठेवली आणि विचारले, ‘‘आई, तुला काय पाहायचं?’’

‘‘इठोबा ज्या बादशहाकडं पैसे भरायला आला, त्याचा वाडा.’’

आम्ही पुन्हा किल्ल्यावर आलो. चालकाने दरवाजा नीट दिसेल अशा बेताने सावलीत रिक्षा लावली. आई आत बसूनच अर्धा तास पाहत होती. मग तिने हात जोडले. उरलेली स्थळे आम्ही पाहिली नाहीत.

परतल्यावर आठवड्याभराने ती अंगणात तांदूळ निवडत होती. मान वर न करताच तिने विचारले, ‘‘का रे, होट्टलच्या देवळापर्यंत रिक्षा जाते का?’’