गळ्यातलं वजन

निकॉनची डी८५०, बॅटरी आणि कार्ड धरून १००५ ग्रॅम. तिच्यावर २४-७० ची लेन्स, एफ २.८ : १०७० ग्रॅम. तशीच दुसरी बॉडी, तिच्यावर ७०-२००, एफ २.८ : १४३० ग्रॅम. दोन बॉड्या, दोन झूम, साडेचार किलो झाले. फ्लॅश, त्याचे सेल, जादा बॅटऱ्या मिळून पाच किलोंच्या वर. सॅक रिकामी असतानाच पावणेदोन किलोची. लिटरभर पाणी. असे आठ किलो घेऊन माणूस वारीच्या दिवशी पुण्याहून सासवडला निघतो. माउलींच्या पालखीचा हा सगळ्यांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, वर दिवे घाट, आणि तिथीप्रमाणे बहुधा एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर केळी.

*

भवानी पेठेतून पालखी हलते तेव्हा या आठ किलोंचं काही वाटत नाही. हडपसरपर्यंत हात आपोआप वर जातो. तुळस डोक्यावर घेतलेली बाई दिसली, उचलला कॅमेरा. टाळ बडवणारं पोर दिसलं, उचलला. वडकी येईतो मनात सुरू होतं की हे नको, पुढे याहून चांगलं मिळेल. ते मत डोळ्याचं वाटतं, पण देत असतो खांदा. माझ्या मते वजनाचा खरा तोटा इथे आहे. दुखणं रात्री तेल चोळलं की उतरतं. न काढलेला फोटो मात्र कुठे नोंदला जात नाही, त्यामुळे आपण किती गमावलं ते कळतही नाही.

आणि दिवसाचं उत्तम ते शेवटी असतं. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड वर करतात आणि हजारोंचा टाळ-मृदंग एका क्षणात थांबतो. मग हरवल्या-सापडल्याचं पुकारतात : कुणाची पिशवी, कुणाचे टाळ, कुणाची म्हातारी. त्या वेळी उजेड सरत आलेला असतो, चेहऱ्यांवर दिवसभराची चाल दिसत असते. अशा वेळी भारी सामानाचे बरेच फोटोग्राफर चहाच्या टपरीमागे सॅक उशाला घेऊन पडलेले मी पाहिलेत. सकाळी त्यांच्याइतकं जोमात कुणी नव्हतं.

*

दिंडीतला पखवाज कॅमेऱ्याच्या कितीतरी पट जड. खोड कोरून केलेलं जाड लाकूड, भोवती वादी आणि गठ्ठे, डाव्या तोंडावर ओली कणीक. घाटाच्या पायथ्याला विसाव्यात एका पखवाजवाल्या आजोबांशेजारी टेकलो होतो. त्यांनी माझ्या गळ्यातला पट्टा दोन बोटांत धरून पाहिला.

"माउली, ही तर दोरी झाली. कापंल न्हाई तर काय?"

त्यांच्या पखवाजाचा पट्टा पंजाएवढा रुंद होता आणि त्याखाली उपरण्याची चौपदरी घडी. तो मानेच्या मणक्यावर नव्हताच. खांद्याच्या उतारावरून आडवा घेतलेला. पखवाज पोटाशी असा आवळून बसवलेला की पाऊल आपटलं तरी जागचा हलत नव्हता.

"हललं की जड हुतं. बांधलं की मग किती बी लांब न्या."

तेव्हापासून पट्टा आडवा आणि आखूड. कॅमेरा बरगडीशी टेकलेला असावा, कमरेखाली लोंबू नये. लोंबणारा कॅमेरा प्रत्येक पावलाला झोका घेतो आणि तो झोका आवरायचं काम पाठीचे स्नायू दिवसभर करत राहतात. हजारो पावलांचा हिशोब संध्याकाळी कळतो. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात विणलेला, खोक्यात फुकट येणारा पट्टा मी लावतच नाही.

पखवाजवाल्यांची आणखी एक सोय बघून हेवा वाटला. चार अभंग झाले की दुसरा वाजवणारा येतो आणि पट्टा आपल्या खांद्यावर घेतो.

*

लहान कॅमेरा जन्मला तोच वजनाच्या कंटाळ्यातून. ऑस्कर बार्नाक जर्मनीत वेट्सलारला लाइट्स कंपनीत यंत्रांचा माणूस. डोंगर चढायची हौस आणि दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा कॅमेरा, तिकाटणं, प्लेटा असं सगळं पाठीवर घेऊन चढणं त्याला झेपेना. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून त्याने १९१३-१४ च्या सुमारास मुठीत मावणारं यंत्र केलं. महायुद्धामुळे ते मागे पडलं, १९२५ मध्ये लायका म्हणून बाजारात आलं. आज आपण जिला फुल फ्रेम म्हणतो ती चौकट, २४ बाय ३६ मिलिमीटर, त्या यंत्रातली. तीच चौकट पुढे दोन किलोंच्या सामानाची ओळख होऊन बसली.

*

७०-२०० जड का, याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. २०० ला २.८ ने भागलं की ७१. पुढची काच निदान ७१ मिलिमीटर रुंद हवीच, त्याला कुठल्याही कंपनीचा इलाज नाही. एफ ४ ला तो आकडा ५० होतो. म्हणजे काचेचं क्षेत्रफळ निम्मं, शिवाय काच पातळ, नळकांडं बारीक. कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅम, त्याच माळेतली जुनी एफ ४ वाली ७६० ग्रॅम. एका स्टॉपसाठी जवळजवळ पाऊण किलो. आजचे सेन्सर आयएसओ ३२०० ला इतकं स्वच्छ चित्र देतात की उघड्यावर, दिवसा, चालताना तो स्टॉप मला लागत नाही. मंगल कार्यालयात लागतो.

*

"मिररलेस घ्या, वजन उतरेल." दुकानात हे हमखास ऐकायला मिळतं. बॉडीचं उतरतं, खरं आहे. सोनीची ए७ थ्री ६५० ग्रॅम. पण तिच्यावर पहिली २४-७० जी मास्टर चढवली की ८८६ ग्रॅम काच पुढे लोंबते आणि हलकी बॉडी मागून वर उचलली जाते. आरसा काढला म्हणून भागाकार बदलत नाही. खरी घट लेन्सांत झाली आणि ती उशिरा झाली : ७०-२०० ची पहिली आवृत्ती १४८० ग्रॅम होती, २०२१ ची दुसरी १०४५ वर आली, २४-७० ची दुसरी २०२२ मध्ये ६९५ वर. कॅननची आरएफ ७०-२०० तर २०१९ पासूनच १०७० ग्रॅमची. वजनासाठी पैसे टाकायचे असतील तर ते बॉडीवर टाकू नयेत, लेन्सवर टाकावेत.

*

पुढे झुकणारं वजन हे नुसत्या वजनापेक्षा वाईट. दीड किलोची लेन्स डाव्या तळहातावर पेलून कोपर बरगडीला टेकवलं तर भार अंगावर उतरतो. कोपर हवेत राहिलं तर तोच भार मनगट आणि खांद्याचा सांधा ओढतो. लग्नात गिंबल धरणारी पोरं बघवत नाहीत. कॅमेरा आणि यंत्र मिळून तीन किलोंच्या घरात, आणि ते अंगापासून हातभर लांब धरायचं, वर गुडघे वाकवून चालायचं. विशीत निभतं. त्यांच्या मालकांनी एका गिंबलला दोन माणसं नेमली पाहिजेत. पखवाजाला नेमतात, तशी.

*

फोटोग्राफर होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारी. शिक्षण मुंबईला, सेंट झेवियर्स आणि जे. जे. मध्ये, १९४२ पासून दिल्ली. साडी नेसून, सायकलवर, सामान पाठीला बांधून ही बाई राजधानीभर फिरली. तिच्याकडचा स्पीड ग्राफिक लाकडी पेटीचा, अडीच किलोंच्या पुढचा. त्याच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्मा. फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की टाकून द्यायचा, म्हणजे दिवेही बरोबर वागवायचे.

१९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या वेळी दिल्लीत होमाईही होत्या आणि फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँही. त्याच्या हातात लायका, अर्ध्या किलोच्या आसपासची बॉडी, एका रिळात ३६ चित्रं. दोघांचं त्या काळातलं काम शेजारी ठेवून बघितलं की वजनाने फोटोची जात कशी बदलते ते दिसतं. तो माणसांच्या ओघात शिरतो, ओघाबरोबर सरकतो. होमाईंच्या फोटोंत उभं राहायची जागा आधी ठरलेली दिसते. नेमका क्षण त्या जागेकडे चालत येतो. मला होमाईंचे फोटो जास्त आवडतात. इतकी जड पेटी घेऊन इतकं नेमकं उभं राहायला राजकारण, राजशिष्टाचार, माणसं सगळं आधी वाचलेलं असावं लागतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या तेव्हा सत्त्याण्णवच्या.

*

म्हणून जड कॅमेऱ्याला सरसकट नाव ठेवणं मला पटत नाही. उभ्या माणसाला तो चालतो. पुरंदवड्याच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा प्रेक्षकांच्या कड्यातून हलता येत नाही, मधलं अंतर मोठं, आणि ७०-२०० ला पर्याय नाही. शिवाय १/३० सेकंदावर अश्वाबरोबर कॅमेरा फिरवताना भारी लेन्स आपल्या वजनानेच एका लयीत वळते. हलक्या कॅमेऱ्याला बोटाच्या दाबाचा धक्का बसतो. भिगवणला होडीत बसून रोहित पक्षी टिपणाऱ्याने दोन किलोंची १५०-६०० आणली तर काय बिघडलं? ओझं होडी वाहते आहे.

रिंगणाच्या दिवशी मी मोठी लेन्स नेतो आणि चालत नाही, जीपने पुढे जाऊन जागा धरतो. घाटाच्या दिवशी ३५ ची लेन्स एकटी. दोन्ही एका दिवसात जमवू पाहणारे दोन्हीकडे अर्धे राहतात.

*

गडावर प्रश्न दुखण्याचा राहत नाही, जिवाचा होतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना दोन्ही हात खडकाला लागतात. गळ्यात किलो-दीड किलो लोंबत असेल तर वाकल्यावर तो पुढे झुलतो आणि तोल काढून घेतो. कळसूबाईच्या शिड्यांवर तो कठड्यावर आपटतो आणि आपलं लक्ष पायाऐवजी लेन्सकडे जातं. अशा ठिकाणी कॅमेरा सॅकमध्येच हवा. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवायची क्लिप मिळते, तीही उत्तम, पण पाव-अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्यासाठी. रिको जीआर थ्री बॅटरीसकट २५७ ग्रॅम, खिशात जातो आणि त्यातला सेन्सर मोठ्या क्रॉप कॅमेऱ्याएवढाच. गडवाटेला याहून शहाणा कॅमेरा मी पाहिलेला नाही.

*

फोन दोनशे ग्रॅमचा, तोही असतोच खिशात. जवळचं आणि उजेडातलं तो छान टिपतो. पावसात ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, एवढीच माझी तक्रार. आणि वारी आषाढातली.

*

लग्नाच्या धंद्यात वजनाची एक वेगळीच पंचाईत आहे. सकाळी हळद, देवक, दुपारी अंतरपाट, सप्तपदी, संध्याकाळी रिसेप्शन, शेवटी पाठवणी, तेरा-चौदा तास. हलका कॅमेरा नेला तर वधूचे वडील बघतात आणि विचारतात, "एवढासाच का हो? मोठा नाही आणला?" त्यांचं चुकत नाही, पैसे त्यांनी मोजलेले असतात. पण त्या मोठ्या कॅमेऱ्याने पाठवणीपर्यंत फोटोग्राफरचा उजवा खांदा बसलेला असतो. आणि मुलीने मागे वळून आजीला घट्ट धरलं, तेव्हा तो अर्धा सेकंद उशिरा उचलतो. धंद्यातल्या माझ्या एका मित्राने यावर तोडगा काढला आहे. मुहूर्तापर्यंत मोठा कॅमेरा, जेवणानंतर छोटा. अल्बममधली लोकांना आवडणारी बरीच पानं जेवणानंतरची निघतात, असं तो सांगतो, आणि त्याचे अल्बम पाहिले की पटतं.

*

भाची कॅमेरा घेते आहे. "मामा, वजनाचं खरंच एवढं असतं का, की तुझं वय झालंय?"

तिला सांगितलं की पुण्यात दिवसाच्या भाड्याने कॅमेरे मिळतात. जो घ्यायचा आहे तोच, त्याच लेन्ससकट, एक दिवस आण. सकाळी सातला अंगावर चढव आणि रात्री आठपर्यंत उतरवू नकोस. बस, मंडई, पर्वती, चहा, जेवण, सगळं तो अंगावर ठेवून. रात्री फोटो चांगले-वाईट आहेत ते बघू नकोस, फक्त त्यांच्या वेळा बघ. प्रत्येक फोटोबरोबर त्याची वेळ नोंदलेली असते. सकाळच्या तासाला किती आणि चारनंतरच्या तासाला किती, ते मोज. चारनंतरचा आकडा निम्म्याखाली घसरला असेल तर पुढच्या रविवारी त्याच बॉडीवर ५० एफ १.८ लावून तोच दिवस परत कर. निकॉनची डीएसएलआरसाठीची ती लेन्स १८५ ग्रॅमची आहे, कॅननची त्याहूनही हलकी. तरीही आकडा घसरला तर दोष लेन्सचा नाही, बॉडी बदलायला हवी. पैसे त्यानंतर मोज.